परसातल्या कोंबड्या किती? खुराड्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे गेले, आता हा विषय मार्गी लावायचा. कोंबड्या पाळायच्या यावर घरात एकमत आहे, किती यावर अजिबात नाही. नवरा म्हणतो ५०, त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितलेत, त्यात सगळे महिन्याला लाखभर कमावतात आणि एकाही व्हिडिओत पाऊस पडत नाही. सासूबाई म्हणतात चार, बस झाल्या. पोरगी म्हणते जितक्यांची नावं पाठ राहतील तितक्या. दीर म्हणतो मला रविवारी आमलेट द्या, बाकी तुमचं चालू द्या. म्हणून ही फाईल. जे कळेल, जे मोजू ते इथे टाकत जायचं आणि आकडा ठरला की बंद.

हातात काय आहे ते आधी लिहिते. कोकणातल्या खेड तालुक्यातलं गाव, चिऱ्याचं घर, मागे दोनेक गुंठ्यांचं परस, त्यात चार आंब्याची कलमं, थोड्या पोफळी, एक फणस आणि घराला लागून जुना गोठा. गुरं कधीच गेली, गोठ्यात आता लाकूडफाटा. त्याचा ६ बाय ५ फुटांचा कोपरा मोकळा करता येईल, वर कौलं शाबूत आहेत. म्हणजे ३० चौरस फूट. पुस्तकी हिशोब एका कोंबडीला रात्रीपुरती दीड ते दोन चौरस फूट जागा सांगतो, म्हणजे १५ सहज बसतील. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, मग दोन मजली करू.

१७ नोव्हेंबर

अंड्यांच्या बाजूने हिशोब करून बघितला. आम्ही पाच माणसं, आठवड्याला साधारण २४ अंडी लागतात, सासूबाईंचे सोमवार-गुरुवार आणि संकष्टी धरून. वर्षाला झाली १,२५० च्या आसपास.

आता गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. १२-१५ अंडी घातली की ती खुडूक होते, उबवायला बसवा नाहीतर नका बसवू, ती आपली पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहते आणि तेवढे दिवस अंडं बंद. सरासरी ७० धरली तर १८ कोंबड्या लागतील. तेच ग्रामप्रिया घेतली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची जात, परसात सोडून पाळली तरी १६०-१८० अंडी देते, तर ८ मध्ये काम होतं. वनराजा पण त्यांचीच, पण ती मांस आणि अंडी दोन्हीसाठी, अंडी शंभर-सव्वाशे. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, १३०-१५०, म्हणजे ९ लागतील. फार्मवरची पांढरी ३०० च्या वर देते पण तिला पिंजरा, मोजून खाद्य आणि वेळेवर लाईट लागतो, आमच्याकडे लाईटचं काय सांगू. कडकनाथ नवऱ्याचा हट्ट आहे, झाबुआची म्हणून नाव मोठं, पण अंडी शंभरच्या आतच, त्यामुळे यादीतून बाहेर. (तो हे वाचत नाही.)

म्हणजे तीच २४ अंडी ८ कोंबड्यांतून पण येतात आणि १८ मधून पण. किती हा प्रश्न विचारण्याआधी कोणती हा प्रश्न येतो असं दिसतंय. फक्त गावठी अंड्याची चव वेगळी असं सासूबाईंचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

१ डिसेंबर

वरच्या वाडीतल्या काकांकडे संध्याकाळी जाऊन आले. त्यांच्याकडे सगळ्या गावठी, २२ आहेत असं ते म्हणाले. मुद्दाम कोंबड्या आत जायच्या वेळेला गेले. बोलवावं लागत नाही, उजेड कमी झाला की एकेक येते. एक म्हातारी लाल कोंबडी सगळ्यात वरच्या काठीवर मधोमध बसली, बाजूला कोणी सरकलं की डोक्यात टोच. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, कोणाच्या बाजूला कोण बसणार हे ठरलेलं असावं. शेवटच्या तिघींना काठीवर जागाच नव्हती. त्या चौकटीवर चढून बसल्या, तिथून काकांनी त्यांना पायाला धरून आत सारलं आणि कडी घातली. एका कोंबडीला काठीवर ८ ते १० इंच लागतात असं वाचलं होतं, काकांच्या काठ्या त्या मानाने कमीच.

त्यांना विचारलं, २२ ठेवायच्या हे कसं ठरवलंत? तर हसले. म्हणाले, "ठरवायचं काय त्यात. मे महिन्यात पंचवीस-तीस असतात, गणपतीत मोज, बारा भरल्या तर खूप." बाकीच्यांचं काय होतं विचारलं तर हात नुसता आभाळाकडे केला.

हे डोक्यात राहिलंय. त्यांच्याकडे आकडा पाऊस ठरवतो.

परत येताना खालच्या वाडीतला एक मोठा शेड दिसला, तिथे एकाने ६० कोंबड्यांनी सुरुवात केली होती. आता त्यात सरपण आहे. फोटो काढून नवऱ्याला पाठवला, निळी टिक आली, उत्तर नाही.

२९ डिसेंबर

खाण्याचा हिशोब. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय म्हणून जरा नीट लिहिते.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खायला लागतं. त्यातलं काही ती स्वतः मिळवते, किडे, वाळवी, गवताचं बी, कोवळा पाला, आणि काही आपल्या घरातलं, भाताची खरवड, भाजीची देठं, कण्या, माशाची डोकी. आमच्या परसातून आणि चुलीवरून मिळून दिवसाला ४५० ग्रॅम फुकट निघेल असा माझा अंदाज आहे, जास्त नाही. गोम अशी की हे ४५० ग्रॅम कोंबड्या वाढवल्या म्हणून वाढत नाहीत. परस तेवढंच, वाळवी तेवढीच, आणि कोंबड्या जास्त केल्या म्हणून मी काही जास्त भात खरवडणार नाही.

८ कोंबड्यांना ९२० ग्रॅम लागेल, त्यातले ४५० फुकट, ४७० विकत. महिन्याला १४ किलो. आमच्या दुकानात लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, ३८ रुपये किलो पडतं, म्हणजे साडेपाचशेच्या आत. अंडी महिन्याला १०७ धरली तर एका अंड्याला ५ रुपये खाद्य. आता २० कोंबड्या: लागेल २,३०० ग्रॅम, फुकटचे तेच ४५०, विकत १,८५०, महिन्याला साडेपंचावन्न किलो, २,१०० रुपये, अंडी २६७, एका अंड्याला ८ रुपयांच्या जवळ. गावठी अंडं इथे १२ ला जातं, ग्रामप्रियाचं तपकिरी अंडं १० ला पण कोणी कोणी घेतं. तोटा नाही होत, पण विसावी कोंबडी पहिल्यासारखी फुकट खाऊन अंडं देत नाही, ती पूर्ण पगारावर आहे. आणि वर १६० अंडी दर महिन्याला कोणाला तरी विकायची, हिशोब ठेवायचा, उधारी मागायची, हे काम माझ्याच गळ्यात येणार हे मला आजच दिसतंय.

नवऱ्याचा नवा मुद्दा: पंचायत समितीच्या योजनेत २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर मिळतो, तर मग २८ घ्यायला काय हरकत. हरकत हीच की खाद्याला अनुदान नाही.

२२ जानेवारी २०२५

उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. आमच्यापासून लांब आहे पण वाडीत दोन दिवस हाच विषय. असं कुठे निघालं की १ किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतात, मोठ्या फार्मच्या पण आणि परसातल्या चार असतील तर त्या पण. २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा आला तेव्हा तिकडच्या लाखो कोंबड्या गेल्या होत्या, ते दिराला आठवतंय, तो तेव्हा सुरतला कामाला होता आणि त्या महामार्गाने येजा करायचा.

५० चा विषय घरात आपोआप बंद झाला. आता नवरा २० म्हणतोय.

९ फेब्रुवारी

कलमांवर फवारणी झाली. मोहोरावर तुडतुडे, त्यामुळे थंडीत तीन-चार फवारण्या होतातच. कोंबड्या कलमांखाली सोडायच्या तर फवारणीनंतर काही दिवस त्या आत कोंडाव्या लागतील, कारण औषध खाली गवतावर पडतं आणि मेलेले किडे त्या पहिले उचलणार. म्हणजे बंद ठेवायचे दिवस फक्त पावसातच नाहीत. जागेचा दीड-दोन चौरस फुटांचा हिशोब रात्रीपुरता आहे, दिवसभर आत ठेवायचं तर एकीला साडेतीन-चार तरी हवेत. ३० भागिले ४, साडेसात. पंधराचं निम्म्यावर आलं.

२३ फेब्रुवारी

कोंबडा ठेवायचा की नाही. अंड्यांसाठी लागत नाही, हे पोरीला पटवायला वेळ लागला आणि खरं सांगायचं तर दिरालाही. पिल्लं हवी असतील तरच लागतो आणि मग ८-१० कोंबड्यांना एक पुरतो.

शेजारच्या वहिनींचा मुलगा दहावीला आहे, परवाच परीक्षा सुरू झाली. त्यांनी फाटकावरूनच विचारलं, "कोंबडा आणणार नाही ना गं मार्चपर्यंत?" नाही म्हणाले. खुराडं त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून येतं, पहाटे साडेचारला बांग त्यांच्या डोक्यातच वाजणार.

एकदिवसाची पिल्लं घेतली तर निम्मे नर निघतात हे पण धरावं लागेल. २० पिल्लं आणली की त्यातले १० कोंबडे, ते पाच-सहा महिने खाणार, भांडणार, आणि मग ते कापणार कोण? नवरा नाही, त्याला रक्त बघवत नाही. दीर कापेल पण साफ करणार नाही. सासूबाई दोन्ही करतील पण त्यांचे वार बघून. म्हणून तलंगा घ्यायच्या, आठ आठवड्यांच्या. महाग पडतात पण ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब, पहिल्या आठवड्यातला लासोटाचा थेंब (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची पहिली लस), दुसऱ्या आठवड्यातली गंबोरो रोगाची लस, हे सगळं झालेलं असतं, आणि नर बऱ्यापैकी वेगळे काढलेले असतात.

२३ मार्च

शिमगा झाला, पालखी घरात येऊन गेली, आता माणसं मोकळी. खुराड्याचं काम सुरू. जमीन सोडून दोन फूट वर, खाली पोफळीच्या रिपा बोटभर फट ठेवून, म्हणजे शिट खाली पडते, खाली भाताचं तूस पसरलंय ते आठवड्याला ओढून पोफळींना घालायचं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घेतली. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी स्वस्त मिळते पण ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, मुंगूस बाहेर ठेवायला नाही, ते तिला दाताने ताणतं. दाराला कडी आणि वर खिट्टी दोन्ही. अंड्यांसाठी दोन खोके, चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो.

सुताराने विचारलं किती कोंबड्यांसाठी बांधू? म्हटलं दहासाठी. हा आकडा कुठून आला ते मलाच माहीत नाही, आठ आणि वीसच्या मधे कुठेतरी तोंडातून निघाला.

१३ एप्रिल

आणल्या. ७ ग्रामप्रिया तलंगा आणि काकांकडून ३ गावठी, त्यांच्याच वयाच्या. एकूण १०. पावसाच्या आधी एखाददुसरी जाईल असं धरून. पोरीने सगळ्यांना नावं दिली, सासूबाईंनी सांगितलं की गावठीतली ती लांब पायांची आहे ना, तिला नाव ठेवू नको.

२० एप्रिल

आठव्या आठवड्याला मानमोडीची दुसरी लस लागते, आरटूबी. जनावरांच्या दवाखान्यात गेले तर बाटली १०० डोसची. एकदा पाणी घालून कालवली की तास-दोन तासांत संपवायची, नंतर फेकायची. दहा कोंबड्यांसाठी ९० डोस फेकायचे म्हणजे जिवावर आलं, म्हणून वाडीत निरोप दिला. सकाळी सात वाजता आमच्या अंगणात डालगी, पिशव्या, एकाने तर पोत्यात तीन आणल्या. बर्फाच्या डब्यात बाटली, सुई पंखाखाली कातडीत, अर्धा मिली. साठ-पासष्ट कोंबड्या झाल्या. मानमोडी आली की वाडीतल्या एकाच घरात थांबत नाही, त्यामुळे शेजारच्या कोंबड्या टोचल्या तर माझ्याच वाचतात. काका आलेच नाहीत, म्हणाले आमच्या काटक आहेत.

११ मे

मुंगसाने भरदुपारी एक ग्रामप्रिया नेली. सगळे जेवायला बसले होते. फणसाखाली पिसं आणि बाकी काही नाही. राहिल्या ९. चाकरमानी भरपूर आलेत, मुंबईची पोरं दिवसभर कोंबड्यांमागे पळतात, त्यामुळे निदान दिवसा पहारा आहे.

२७ मे

पाऊस. मे महिन्यात! काल मुंबईत पण पोचला, इतक्या लवकर पहिल्यांदाच म्हणतात. लोकांचे आंबे झाडावर, लाकडं अंगणात, आमच्या खुराड्याच्या पुढची पडवी अर्धवट. ताडपत्री बांधून वेळ भागवली. कोंबड्यांना हे काय चाललंय कळेना, दारापर्यंत येतात, एक पाय बाहेर टाकतात, परत आत.

२२ जून

आता खरा प्रकार सुरू झालाय. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा या दोन-अडीच महिन्यांत, त्यामुळे बाहेर सोडणं म्हणजे उघडीप मिळेल तेव्हा तासभर. ९ कोंबड्या दिवसाला किलोभर शिटतात, तूस दमट आहे, वाळत नाही. उभं राहून वास येत नाही, पण खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या रात्रभर तिथेच असतात. तूस आता दोन दिवसांआड बदलते, त्यात थोडी राख आणि चुना. तूस पण गिरणीवरून आणायचं, ओलं झालं तर फुकट. खाद्याची गोणी जमिनीवर ठेवली तर बुरशी धरते म्हणून माळ्यावर. उन्हाळ्यात जे काम दहा मिनिटांत व्हायचं त्याला आता पाऊण तास लागतो, आणि ते कोंबड्या किती यावर सरळ वाढतं.

परसातून मिळणारं फुकटचं खाणं पण बंदच, ४५० पैकी चुलीवरचं तेवढं उरलं.

६ जुलै

एका ग्रामप्रियाच्या शेपटीच्या वर पिसं उपटलेली, खाली लाल कातडी आणि थेंबभर रक्त. एकदा लाल दिसलं की सगळ्या तिथेच टोचतात. बसून बघितलं कोण करतंय, तर सुरुवात करणारी एकच, बाकीच्या तिचं बघून. टोचणारीलाच काढून डालग्याखाली ठेवलं, जखमेला हळद-तेल. आत शेवग्याच्या फांद्या टांगल्या, उडी मारून खायला लागतील अशा उंचीवर, नुसता रिकामा वेळ हे पण कारण असतंच. फरक पडलाय पण थांबलेलं नाही. ३० चौरस फुटांत ९, एकीला सव्वातीन. पडवीवर ताडपत्रीच्या जागी सिमेंटचा पत्रा टाकून घेतला, आणखी २४ चौरस फूट कोरडे मिळाले, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी जरा पांगून बसल्या.

सुताराला सांगितलेला आकडा आणि आता दिसणारा आकडा यात दोनचा फरक आहे. दहा नाही, आठ.

२४ जुलै

गटारी. लांब पायांची ती गावठी, सासूबाईंनी जिचं नाव ठेवू दिलं नव्हतं, ती कोंबडाच होती, महिनाभर बांग देत होती. (वहिनींचा मुलगा आता अकरावीला आहे, त्यांची काही तक्रार नव्हती.) आज दिराने काम केलं, साफ सासूबाईंनी केलं, गुरुवार होता तरी, म्हणाल्या उद्यापासून महिनाभर पाळायचंच आहे. वडे पण झाले.

राहिल्या ८. खुराड्यात लगेच फरक वाटतो, कोंबडा निघाल्यामुळे की एक जागा वाढल्यामुळे ते सांगता येणार नाही.

१० ऑगस्ट

अंडी सुरू झाली. ऐन श्रावणात! ग्रामप्रिया साडेपाच-सहा महिन्यांची झाली की घालायला लागते, एप्रिलमध्ये आणताना हे कोणी मोजलं होतं. रोज दोन, मग तीन, काल चार. पहिलं अंडं लिंबाएवढं आणि त्यावर रक्ताची बारीक रेघ, पोरगी घाबरली, पहिल्या अंड्याला असं होतं. घरात खाणारे दोघंच, मी आणि दीर, ते पण वेगळ्या तव्यावर. बाकीची वहिनींना, आणि तालुक्याला एक दुकान आहे तिथे. श्रावणात दुकानदार पण भाव पाडून मागतो. विचार करा, वीस असत्या तर या महिन्यात रोज दहा-बारा अंडी घेऊन मी कुठे फिरले असते.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवते, ज्यांना लागतो त्या बरोबर जाऊन खातात. कवच आता घट्ट आहे.

७ सप्टेंबर

गणपती, गौरी झाल्या. गौरीनंतर घरात पंधरा माणसं होती, एका सकाळी सगळी साठवलेली अंडी संपली आणि तरी दोन डझन विकत आणली. नवरा म्हणाला, बघ, वीस पाहिजे होत्या. वर्षातले चार दिवस पाहिजे होत्या, हे खरं आहे.

सरासरी आठवड्याला २३-२४ पडतायत. सहा ग्रामप्रिया आणि दोन गावठी.

५ ऑक्टोबर

एक गावठी खुडूक झाली. हात घातला की फुगते, कुर्रर करते, खोक्यातून उठत नाही. सासूबाई म्हणाल्या बसव. मला नको होतं, कारण आठ हा आकडा आत्ता कुठे बसलाय. पण त्यांचं म्हणणं असं की या ग्रामप्रिया दोन वर्षं बऱ्या घालतील, मग कमी होईल, तेव्हा सगळ्या एकदम म्हाताऱ्या होतील आणि परत दहा विकत आणशील काय. दरवर्षी तीन नवीन यायला हव्यात आणि तीन जुन्या जायला हव्यात.

बसून मांडलं. तीन तलंगा हव्या तर सहा पिल्लं जगायला हवीत, कारण निम्मे नर. सहा जगायची तर आठ फुटायला हवीत, घार आणि मुंगूस आपला वाटा घेणारच. आठ फुटायला दहा-अकरा अंडी, आणि गावठी कोंबडीच्या अंगाखाली तेवढी नीट मावतात. म्हणजे वर्षाला एकच बसवण पुरतं. आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे ११ अंडी काकांकडून आणली. ग्रामप्रियाची ठेवून उपयोग नव्हताच, ती संकरित, पिल्लं आईसारखी निघत नाहीत. म्हणजे पुढे गावठी वाढत जातील आणि अंडी कमी होतील, त्यासाठी दर दोन वर्षांनी तीन-चार ग्रामप्रिया विकत घ्यायच्या, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आणि वेळ पण बरोबर जमतेय. आता बसवली की २१ दिवसांनी पिल्लं, दिवाळीनंतर उघड्या हवेत वाढतात, परस मोठं असल्यासारखं वापरता येतं, किडे भरपूर. मेपर्यंत नर दीड किलोचे होतात, तेव्हा चाकरमानी येतात आणि गावठी कोंबडा शोधत फिरतात. पाऊस लागेपर्यंत परत आठ. म्हणजे आकडा एक नाहीच, दोन आहेत: उघडिपीचा १५-१६ पर्यंत, पावसाचा ८. काका काही न मोजता हेच करतात, फरक इतकाच की त्यांच्या जास्तीच्या पावसात मरतात आणि माझ्या मेमध्ये विकल्या जातील अशी आशा.

पोरीने विचारलं जुन्या तीन कुठे जाणार. सासूबाई म्हणाल्या वरच्या वाडीला. पोरगी तेवढ्यावर थांबली.

९ नोव्हेंबर

११ पैकी ९ फुटली, एक दोन दिवसांत गेलं, घारीने एक नेलं, ७ आहेत. आई त्यांना कलमाखाली उकरून देते आणि घार वर दिसली की एकच आवाज काढते, सगळी एका क्षणात पोटाखाली. रात्री डालग्यात, घरात. पहिले काही दिवस बारीक कण्या आणि कुस्करलेलं अंडं दिलं. रक्ती हगवणीवर लक्ष ठेवायचं, जागा कोरडी राहिली की ती सहसा येत नाही.

खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय, ३१ मे, ८. नवऱ्याने त्याखाली बारीक अक्षरात कडकनाथ २ असं लिहिलंय. आठच्या आत बसवणार असेल तर माझी हरकत नाही, मग कोणती दोन काढायची ते त्याने पोरीला सांगावं.

तुरे अजून नीट कळत नाहीत, नर किती ते जानेवारीत समजेल, तरी बुकिंग झालंय. एक वहिनींनी सांगून ठेवलाय, एक दिराच्या मुंबईच्या मित्राला, एक पावसाच्या तोंडावर राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला. चौथा निघाला तर जो आधी पैसे देईल त्याचा, उधारीवर नाही.